नळापासून ओठापर्यंत

पाण्याचा प्रश्न म्हटला की महाराष्ट्रात धरण, कालवा, विहीर, टँकर आणि अलीकडे नळ एवढ्यांचाच विचार होतो. माळशिरस तालुक्यातील नातेपुते आणि भोवतालचा मुलूख याला अपवाद नाही. शंभू महादेवाच्या डोंगररांगेला लागून, पर्जन्यछायेत वसलेला हा प्रदेश. १९२० च्या दशकात भाटघरचे धरण पुरे झाले, पुढे नीरा उजवा कालवा आला आणि तालुक्याच्या एका भागात ऊस उभा राहिला. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे मात्र मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसत राहिली. पाणी कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हाच येथील राजकारणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विषय आहे. २०१९ साली जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरविले. तेव्हापासून घरोघरच्या तोट्या मोजल्या जाऊ लागल्या आणि पाण्याचा प्रश्न सुटला की नाही, हे त्या मोजणीवरून ठरू लागले.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पाणी घरात आले म्हणजे ते माणसाच्या पोटात गेलेच, अशी ती समजूत आहे. ज्याचे हात चालतात, मान स्थिर राहते आणि घसा वेळेवर मिटतो, त्याच्यापुरती ही समजूत खरी आहे. पण याच घरांत अशीही माणसे आहेत, की ज्यांना माठ चार पावलांवर असूनही पाणी घेता येत नाही, घेतले तर तोंडापर्यंत नेता येत नाही आणि तोंडात गेलेले पाणी घशाखाली सुखरूप उतरेलच असा भरवसा नसतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, जन्मापासून सोबत घेऊन जगणारी आणि आता पन्नाशी-साठीकडे झुकलेली ही माणसे होत. त्यांची तहान कोणत्याही योजनेच्या तक्त्यात बसत नाही.

ही व्याधी नवी नाही. लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिटल यांनी १८६२ साली तिचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे कित्येक दशके ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. गर्भात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा होते. दिवस पुरे होण्याआधीचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, तान्हेपणीची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही तिची काही कारणे. हजार जन्मांमागे साधारणतः दोन ते तीन मुलांना ती होते. मेंदूतील इजा वाढत नाही. परंतु स्नायूंचा ताठरपणा, अनावर हालचाली, बोलण्यातील आणि गिळण्यातील अडचण जन्मभर राहते. हे झालेल्या सर्वांची बुद्धी मंद असते, हा समज चुकीचा आहे. अनेकांची बुद्धी तल्लख असते. फक्त तोंडातून शब्द बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्यापाशी नसतो.

या मुलांसाठी महाराष्ट्रात जे काम झाले, ते मोलाचे आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि या मुलांना शिकविता येते, हे देशाला दाखवून दिले. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी स्वतः या अवस्थेत राहून उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. पण अशा कामाची धाव प्रायः शहरापुरती राहिली, आणि सरकारी व्यवस्थेची दृष्टी बालपणापुरती. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत तपासणी करतो. त्यानंतर काय? १९७० च्या आसपास खेड्यात घरीच बाळंतपण होऊन जन्मलेले मूल आज पंचावन्न वर्षांचे आहे. पूर्वी अशी मुले लवकर जात असत. आता लसी आल्या, प्रतिजैविके आली, फिट्स आवरणारी औषधे आली आणि ही मुले वाढली, प्रौढ झाली, म्हातारी होऊ लागली. हे वैद्यकाचे यशच म्हटले पाहिजे. मात्र त्या यशाबरोबर जी जबाबदारी येते, ती कोणी उचललेली नाही. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. पण त्या गणनेत मेंदूच्या पक्षाघाताचा वेगळा रकानाच नव्हता. जे मोजले गेले नाहीत, त्यांच्या वार्धक्याचा विचार कोणी करावा?

वार्धक्य सर्वांनाच येते. या माणसांना ते आधी गाठते. पस्तिशी-चाळिशीतच सांधे दुखू लागतात, थकवा वाढतो, जे थोडेफार चालत होते त्यांचे चालणे थांबते. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. हे सर्वच वृद्धांचे होते. शरीरातील पाण्याचा मोठा साठा स्नायूंत असतो आणि या माणसांचे स्नायू मुळातच क्षीण असल्यामुळे तो साठाही लहान असतो. ज्यांच्या तोंडातून सतत लाळ गळते, त्यांचे पाणी त्या वाटेनेही जाते. सोलापूर जिल्ह्याच्या चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर चढतो, तेव्हा हा तोल ढळायला एखाददुसरा दिवस पुरतो.

बरे, पाणी भरपूर पाजावे म्हटले, तर तेही सोपे नाही. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या माणसाला साधे पाणी हाच सर्वांत अवघड पदार्थ असतो. भाकरीचा कुस्करलेला घास जिभेवर थांबतो. पाणी थांबत नाही. घसा मिटण्यापूर्वी ते श्वासनलिकेत उतरते, ठसका लागतो, आणि काहींना तर ठसकाही लागत नाही. पाणी मुकाट्याने फुप्फुसात जाते. त्यातून न्यूमोनिया होतो. तीव्र स्वरूपाची व्याधी असलेल्या प्रौढांच्या मृत्यूचे श्वसनविकार हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून घरातली माणसे घाबरून पाणी कमी देतात. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मूतखडे होतात, अंथरुणाला टेकलेल्या जागी जखमा होतात, माणूस सुस्त पडतो. पाजावे तर एक संकट आणि न पाजावे तर दुसरे, अशा कात्रीत ही घरे वर्षानुवर्षे राहतात.

औषधांचा भाग वेगळाच. लाळ कमी करणारी किंवा ताठरपणा आणि कंप आवरणारी काही औषधे तोंड कोरडे करतात व घाम अडवितात. मग उन्हात अंग तापते आणि उतरत नाही. फिट्सवरचे टोपिरामेट हे औषध मूतखड्याचा धोका वाढविते. स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीर सुकले, मूत्रपिंड मंदावले की ते साचते आणि गुंगी येते. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहतात. पण ते स्नायूंतून येत असल्यामुळे क्षीण स्नायूंच्या माणसात ते कमीच दिसते आणि बिघाड झाकला जातो. या गोष्टी गूढ नाहीत. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१९ मध्ये केवळ प्रौढांच्या मेंदूच्या पक्षाघाताविषयी डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शिका निघाली. येथे गावच्या डॉक्टरासमोर असा पन्नाशीचा रुग्ण आला, तर ‘जन्मापासूनच असा आहे’ या एका वाक्यात त्याची पुष्कळशी तपासणी आटोपते.

येथवर शरीराची कारणे झाली. पण ही तहान केवळ शरीराची नाही, ती सामाजिकही आहे. ज्याला शौचकूपापर्यंत उचलून न्यावे लागते, तो माणूस पाणी मागताना दहा वेळा विचार करतो. सत्तरीची आई, तिचे गुडघे दुखतात. भाऊ कारखान्यावर किंवा शेतात. भावजय आधीच कुरकुरते. अशा घरात पेलाभर पाणी मागणे म्हणजे दोन तासांनी आणखी एक उपकार मागणे असते. मग माणूस स्वतःहूनच कमी पितो. स्त्री असेल तर तिचा संकोच दुप्पट. तिला नेणारी दुसरी स्त्री घरात नसेल, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती कोरड्या ओठांनी बसून राहते आणि लोक म्हणतात, ‘तिला तहान फारशी लागत नाही.’ स्वेच्छेने केलेला उपवास आणि लादलेली तहान यांत फरक आहे, आणि तो फरक चांगुलपणाच्या उपदेशाने बुजत नाही. उंबरठा, उंच पायरी, अरुंद दार आणि बसके शौचकूप यांनी मिळून ही तहान निर्माण केलेली असते. म्हणून शौचालयाची रचना हा पाण्याचाच प्रश्न आहे.

आता श्रमाचा हिशेब पाहू. वृद्धांच्या आहाराविषयीच्या युरोपीय वैद्यकीय मार्गदर्शनानुसार दिवसाला स्त्रीला १.६ लिटर आणि पुरुषाला २ लिटर पेये लागतात. आणि हे मोजमाप तिकडच्या थंड हवेतले आहे. उदाहरणादाखल १.६ लिटर एवढेच धरू. चमच्याने दहा दहा मिलिलिटर पाजायचे झाले तर १६० चमचे होतात. प्रत्येक घोट नीट उतरेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागते. म्हणजे केवळ पाणी पाजण्यास दिवसाची ८० मिनिटे. वर्षाचे सुमारे ४८६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साठ दिवसांची मजुरी. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानेही या एकट्या कामाचे मोल वर्षाला १७,८०० रुपयांच्या घरात जाते. यात जेवण भरविणे नाही, अंघोळ नाही, कपडे धुणे नाही, रात्रीचे कूस बदलणे नाही. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही दिसत नाहीत, कारण ते आई करते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. या सरासरीत अशा घरातल्या आईची मिनिटे वेगळी काढलेली नाहीत. काढली असती तर आकडे पाहणाऱ्याला लाज वाटली असती.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा पुरोगामी आहे. त्यात मेंदूच्या पक्षाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. सामाजिक सुरक्षेविषयीच्या त्याच्या २४ व्या कलमात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, सुरक्षित पिण्याचे पाणी आणि वापरता येईल अशी स्वच्छतागृहे, विशेषतः ग्रामीण भागात. दुसरी, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहकाचा भत्ता. म्हणजे नळापासून ओठापर्यंतचे अंतर कायद्याने ओळखले आहे. व्यवहारात काय मिळते? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालत आली आहे. तिच्यातील अपंगांचे अनुदान महिना १,५०० रुपयांवरून २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु दिवसाला ८३ रुपयांत औषध, अन्न, लंगोट आणि माणूस एवढे सगळे बसवायचे आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी वेगळी योजना आणली. रक्कम तुटपुंजी का असेना, काळजी घेणे हे काम आहे हे तिने मान्य केले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये अपंगांसाठी स्वतंत्र खाते उघडले आणि ‘अपंग’ ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द कागदोपत्री रूढ झाला. शब्दाने मान मिळत असेल तर तो अवश्य द्यावा. पण कोरड पडलेल्या घशाला शब्दाने ओल येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. तो असा, की गावात शेकडो प्रश्न आहेत, अशी माणसे मूठभर, आणि त्यांचे करणे हा कुटुंबाचा धर्म आहे; तेथे सरकार आणि समाज कशाला? कुटुंबाचा धर्म कोणी नाकारीत नाही. किंबहुना आजवर ही माणसे जगली ती कुटुंबांमुळेच. पण आईने पन्नास वर्षे हा धर्म पाळल्यावर ती मरते. तेव्हा उरलेल्या माणसाने कोणाकडे पाहावे? ज्या घरात जमीन आहे, पगार आहे, तेथे गडी ठेवता येतो. ज्या घरात दोघे मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तेथे आजारी माणसाच्या उशाशी सकाळी तांब्या ठेवून जावे लागते. आणि ज्याचे हात चालत नाहीत, त्याच्या उशाचा भरला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असतो. येथे कुटुंबाची माया कमी पडत नाही, मिळकत कमी पडते. धर्माचा दाखला देऊन हा वर्गभेद झाकता येणार नाही.

संख्या थोडी म्हणून प्रश्न थोडा, हा तर्कही टिकत नाही. १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता माणसांवर ठरविला आणि भूमिहीनालाही त्यात धरले. त्या विचाराचा गाभा हाच होता, की पाण्यावरचा हक्क माणूस असल्यामुळे येतो, मालकीमुळे नव्हे. तोच न्याय एक पायरी पुढे नेला तर असे म्हणावे लागेल, की तो हक्क हात चालण्यावरही अवलंबून असू नये.

मग नातेपुत्यासारख्या गावात काय करता येईल? पुष्कळ करता येईल, आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत तयार ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास शिकविले. हजारो जीव वाचले. त्या घटनेचा धडा असा, की योग्य ज्ञान घरापर्यंत पोहोचले तर आई आणि बहीण यांच्याइतका समर्थ उपचारक दुसरा नाही. तसेच ज्ञान येथे पोहोचले पाहिजे. माणसाला आडवे ठेवून पाणी पाजू नये. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घोट लहान असावा, पहिला उतरल्यावरच दुसरा द्यावा आणि पिऊन झाल्यावर अर्धा तास तरी निजवू नये. तान्ह्या बाळाला मांडीवर आडवे धरून बोंडल्याने पाजण्याची जी जुनी रीत, ती मोठ्या माणसावर चालविणे धोक्याचे आहे. पेल्याची नाकाकडची कड अर्धवर्तुळाकार कापली की मान मागे न टाकता शेवटचा घोट घेता येतो. असा पेला गावातल्या कारागिराला घडीभरात करता येईल.

ज्यांना पातळ पाणी झेपत नाही, त्यांना दाट पेय झेपते, असे तज्ज्ञ सांगतात. बाजारात त्यासाठी महागड्या पुडी मिळतात. हा तर ज्वारीचा मुलूख. येथे आंबील आहे, ताकातल्या मऊ कण्या आहेत, पेज आहे. गुठळी न राहू देता शिजवून गाळलेली आंबील पाणी देते, मीठ देते आणि थोडे पोषणही देते. मात्र किती दाट कोणाला मानवते, हे तज्ज्ञाने एकदा तपासून सांगितले पाहिजे. शिवाय दाट पेयाने तहान नीट भागत नाही म्हणून माणसे कमी पितात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पाण्याचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याच्या घशाचा प्रश्न आहे त्याला विचारले पाहिजे. त्याचे बोलणे समजत नसेल तर डोळ्यांच्या खुणेने, चित्रांच्या फळ्याने विचारावे. त्याला गार पाणी आवडते की कोमट, चमचा हवा की नळी, हे त्याने ठरवावयाचे आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या पिण्याच्या नळ्यांवर देशभर बंदी आली. पर्यावरणासाठी ती योग्यच. पण इंग्लंडने २०२० मध्ये अशीच बंदी घालताना अपंगांसाठी औषधाच्या दुकानातून नळी मिळण्याची सोय ठेवली होती. ज्यांच्यासाठी नळी ही चैन नसून हाताची जागा घेणारे साधन आहे, त्यांचा विचार नियम करतानाच व्हावयास हवा.

गिळण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ आज जिल्ह्याच्या ठिकाणी शोधावा लागतो आणि नातेपुत्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. वाकलेल्या, ताठरलेल्या देहाला एस.टी.त बसवून तेथे नेणे हे एका मजुराच्या आठवड्याच्या कमाईचे काम आहे. म्हणून तज्ज्ञाने वर्षातून दोनदा तालुक्यात यावे, हीच मागणी रास्त ठरते. आशा कार्यकर्त्यांनी अशा प्रौढांची यादी करावी, चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांत दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन जीभ कोरडी आहे का, लघवीचा रंग गडद आहे का, एवढे जरी पाहिले तरी बरेच अनर्थ टळतील. अर्थात त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, नाहीतर एका स्त्रीचे बिनमोल श्रम दुसऱ्या स्त्रीवर ढकलल्यासारखे होईल. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. नातेपुत्याची आता नगरपंचायत झाली आहे. ती रक्कम वर्षअखेर थोडी थोडी वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून घरातल्या शौचकूपाची पायरी काढणे, दार रुंद करणे, उंच बैठक बसविणे आणि दुपारच्या वेळी दोन तास अशा घरी जाणारी प्रशिक्षित बाई नेमणे, ही कामे व्हावीत. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला येते, तेव्हा लाखो वाटसरूंच्या पाण्याची आणि शौचाची व्यवस्था हेच गाव आणि हेच शासन करून दाखविते. तेव्हा व्यवस्था करण्याची शक्ती नाही, हे कोणी म्हणू नये.

रामेश्वराला नेण्याची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तिचे कौतुक करणाऱ्या समाजाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी: नाथांनी गाढवाला पाणवठा दाखविला नाही, पाणी त्याच्या मुखात घातले. पण अशी करुणा एका संताच्या हातून घडून गेली म्हणजे समाजाचे कर्तव्य संपत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी उचलले गेले, ते कोणाच्या करुणेने नव्हे, हक्काने. पाणवठा सर्वांना खुला झाला पाहिजे, ही लढाई त्या पिढ्यांनी लढली आणि ती अजूनही सर्वत्र संपलेली नाही. तिचाच पुढचा टप्पा म्हणजे ज्यांना ओंजळ करता येत नाही, त्यांच्यापर्यंत ते पाणी पोहोचविणे. त्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता, वापरता येईल असे शौचालय आणि गावापर्यंत येणारा तज्ज्ञ या तीन मागण्या पुढच्या अंदाजपत्रकापूर्वी लावून धरल्या पाहिजेत. घरी नळ आला की नाही, एवढे विचारून ग्रामसभांनी आणि नगरपंचायतींनी थांबू नये. त्या घरातला शेवटचा माणूस आज किती पाणी प्याला, हेही विचारण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी.